ओसरीवरचे धन्वंतरी

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि उरलेले वर्षभर त्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. आपल्यात वैद्यकी न येणारा मनुष्य सापडणे कठीण! ओसरीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, आणि आता हातातल्या फोनवरसुद्धा हा हौशी धन्वंतरी अष्टौप्रहर विनामूल्य सल्ला देत बसलेला असतो. सर्दी-पडशाला त्याने सुंठीचा काढा सांगावा. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. काढ्याने बरे वाटते, आणि सर्दी काय, ती आली तशी आपल्या पायांनी निघून जाते. पण अलीकडे या मंडळींनी एक नवेच व्रत घेतले आहे. ते म्हणजे दुसऱ्याची कोलेस्टेरॉलची गोळी बंद करविण्याचे. या व्रताचे उद्यापन कधी कधी इस्पितळातल्या खाटेवर होते. म्हणून सणाचे दिवस असले तरी या विषयावर चार कडक शब्द बोलणे मला भाग आहे.

आपल्या न्यायाची तऱ्हा पहा. कंबर धरली की आपण औषधाच्या दुकानात जातो, दुकानदार देईल ते वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट आणतो आणि बिनदिक्कत संपवितो. पित्ताची गोळी तर कित्येकांच्या घरी सकाळच्या चहाइतकी अंगवळणी पडली आहे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते, ही गोष्ट वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण त्याविषयी ओसरीवर चकार शब्द निघत नाही. मात्र हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टरने रात्री एक स्टॅटिनची गोळी लिहून दिली, की सगळी ओसरी खडबडून जागी होते. "अहो, ती गोळी फार वाईट! स्नायू जातात म्हणे! मधुमेह होतो! एकदा सुरू केली की जन्माची बेडी!" बिचारा रोगी घाबरतो, आठवडाभर गोळी घेत नाही, काही बिघडत नाही असे पाहतो, आणि मग ती कायमची सोडतो.

काही बिघडत नाही, हीच तर या दुखण्याची लबाडी आहे. कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीला ते लागते, आणि त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते. रक्तातून ते ज्या कणांवर स्वार होऊन हिंडते त्यांतले एल.डी.एल. नावाचे कण प्रमाणाबाहेर वाढले, म्हणजे ते धमन्यांच्या भिंतींत शिरून बसतात. वर्षानुवर्षे तेथे थर साचत जातो. तो दुखत नाही, खुपत नाही, खाजत नाही. मग एखाद्या दिवशी त्या थराला तडा जातो, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाची वाट बंद होते. वीस-पंचवीस वर्षांची तयारी आणि पाच मिनिटांचा घात! अशा दुखण्यावरचे औषध घेतल्याने "बरे वाटत" नाही, कारण मुळात वाईट वाटतच नव्हते. आणि जे बरे वाटवीत नाही त्या औषधाला आपल्याकडे औषध म्हणायची चाल नाही.

अमेरिकेत डॅलस येथे काम करणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोन शास्त्रज्ञांनी हे एल.डी.एल.चे कण रक्तातून ओढून घेणारी यंत्रणा उजेडात आणली आणि त्याबद्दल त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशींच्या पृष्ठभागावर हे कण धरणारे जणू हात असतात. स्टॅटिनची गोळी यकृतातला कोलेस्टेरॉलचा कारखाना मंद करते. मग यकृताला माल कमी पडतो, ते आपले हात वाढविते आणि रक्तातले कण अधिक संख्येने उचलून घेते. गोळीची करामत एवढीच. यात जादूही नाही आणि काळी जादूही नाही.

आता या गोळीविरुद्धच्या आक्षेपांचा समाचार घेऊ. पहिला आक्षेप प्रतिष्ठित आहे. "हा सगळा कंपन्यांचा बाजार आहे," असे तो म्हणतो. औषध कंपन्या धर्मादाय संस्था नव्हेत, हे मी एका श्वासात मान्य करतो. कोलेस्टेरॉलच्या औषधांचा इतिहासच त्याला साक्ष आहे. ट्रायपॅरॅनॉल नावाचे एक औषध १९६० साली अमेरिकेत बाजारात आले. त्याने कोलेस्टेरॉल उतरले खरे, पण घेणाऱ्यांना मोतीबिंदू होऊ लागले. प्राण्यांवरील चाचण्यांतले गैरसोयीचे आकडे कंपनीने दडविले होते, असे उघडकीस आले आणि १९६२ साली ते औषध मागे घ्यावे लागले. पुढे क्लोफायब्रेटची पाळी आली. एडिंबरो, प्राग आणि बुडापेस्ट या शहरांतल्या सुमारे पंधरा हजार पुरुषांवर त्याची मोठी चाचणी झाली. कोलेस्टेरॉल उतरले, झटकेही थोडे कमी झाले, पण औषध घेणाऱ्यांत एकंदर मृत्यू जास्त भरले. त्या काळी "कोलेस्टेरॉलची औषधे नकोत" असे जो म्हणत होता, तो शहाणाच होता.

पण शहाणपण आणि हट्ट यांत फरक आहे. शहाणा मनुष्य विचारतो, "रक्तातला आकडा उतरला ते राहू द्या, माणसे किती वाचली ते सांगा." या प्रश्नाचे उत्तर १९९४ साली मिळाले. स्कॅन्डिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाला सिम्व्हास्टॅटिन दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळते हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. सुमारे साडेपाच वर्षांनी हिशेब झाला. पोकळ गोळीच्या २,२२३ जणांत २५६ दगावले होते. औषधाच्या २,२२१ जणांत १८२. हृदयविकाराने गेलेले पहिल्या गटात १८९, दुसऱ्यात १११. ही चाचणी कंपनीच्या पैशाने झाली होती, हे मी लपवीत नाही. पण एकाच चाचणीवर गाडा थांबलेला नाही. २०१० साली ऑक्सफर्ड आणि सिडनीच्या संशोधकांनी २६ चाचण्यांतल्या सुमारे एक लाख सत्तर हजार माणसांची माहिती एकत्र तपासली. एल.डी.एल. साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरविले, की झटके, पक्षाघात आणि त्यांसारखे घाव दरसाल सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात, असे त्यांना आढळले. ज्यांना बाजाराचा राग आहे त्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. या गोळ्यांच्या जुन्या मक्तेदाऱ्या केव्हाच संपल्या आहेत. आज त्या जनऔषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतात.

येथे ओसरीवरून हमखास एक आवाज येतो : "आमचे व्याही आठ वर्षे गोळी घेत होते, गेलेच ना शेवटी!" अहो, गेले असतील! वर सांगितलेल्या १८२ जणांनीही गोळी घेतली होती. गोळी म्हणजे अमरपट्टा नव्हे. त्याच आकड्यांचा हिशेब मांडला तर साधारण तीस हृदयरोग्यांनी साडेपाच वर्षे औषध घेतले तेव्हा एकाचा जीव वाचला, असे दिसते. तो एक कोण, हे मात्र कधीच कळत नाही. त्याचे त्यालाही कळत नाही! तो सकाळी उठतो, चहा पितो, वर्तमानपत्र वाचतो आणि म्हणतो, "या गोळीने मला काही फरक पडलेला नाही." गोळीने ज्याचे स्नायू दुखले तो गावभर सांगत सुटतो, गोळीने जो जगला तो गप्प असतो, कारण आपण मरणार होतो याची त्याला वार्ताच नसते. म्हणून ओसरीवरच्या खटल्यात गोळीच्या बाजूने साक्षीदार कधीच उभा राहत नाही. तिची साक्ष मोजणीतच सापडते.

दुसरा आक्षेप अपायांचा. अपाय आहेत. सेरिव्हास्टॅटिन नावाची याच कुळातली एक गोळी २००१ साली जगाच्या बाजारातून मागे घेतली गेली. स्नायू विरघळण्याच्या विकाराने एकट्या अमेरिकेत तेव्हा ३१ मृत्यूंची नोंद झाली होती. ती गोळी गेली हे योग्यच झाले. उरलेल्या गोळ्यांनीही क्वचित स्नायूंना इजा होते. मधुमेहाचा धोकाही किंचित वाढतो : सुमारे २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर एकाला अधिक मधुमेह होतो, असा २०१० सालचा हिशेब आहे. हा अपाय कमी लेखू नये. पण त्याच्या शेजारी वाचलेले प्राण ठेवून तराजू धरावा.

मात्र "गोळी घेतली आणि अंग दुखू लागले" या तक्रारीची गोष्ट फार उद्बोधक आहे. लंडनमध्ये साठ माणसे निवडली. अपाय होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली अशीच ही माणसे होती. त्यांना बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या : चारांत स्टॅटिन, चारांत पोकळ गोळ्या आणि चार अगदी रिकाम्या. रोज आपल्या त्रासाला शून्यापासून शंभरापर्यंत गुण द्यायचे. काही न घेण्याच्या महिन्यांत सरासरी ८ गुण पडले. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४! २०२० साली हे आकडे प्रसिद्ध झाले. म्हणजे गोळीमुळे जो त्रास वाढला त्यातला दहातला नऊ हिस्सा गोळीतल्या औषधाचा नव्हता. तो गोळी गिळण्याच्या भीतीचा होता. माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांचे अंग खरोखरच दुखत होते. पण ते दुखणे कानांतून आत शिरले होते. हे आकडे हातात पडल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. ओसरीवरच्या धन्वंतऱ्यांनो, लोकांच्या अंगात दुखणे पेरण्याचे सामर्थ्य तुमच्या जिभेत आहे. ते जरा जपून वापरा.

तिसरा आक्षेप भाबडा आहे. "ही रासायनिक औषधे कशाला? निसर्गातले काहीतरी घ्यावे." या मंडळींना सांगावेसे वाटते की, ही गोळी जन्माला आली ती तांदळावरच्या बुरशीतून! अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७१ पासून सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले. १९७३ साली क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्याला पहिले स्टॅटिन सापडले. पेनिसिलीन जसे बुरशीचे, तसेच हेही. २०२४ साली नव्वदाव्या वर्षी हा मनुष्य वारला. जगभर कोट्यवधी माणसे त्याच्या शोधाची फळे खात आहेत, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते. १९८७ साली अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळालेले पहिले स्टॅटिन तेही दुसऱ्या एका बुरशीतूनच आले होते.

आणि आपल्या घरच्या औषधाचे काय? गुग्गुळाचा मेदाशी संबंध सुश्रुताने सांगितला आहे. तो धागा पकडून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली प्रबंध लिहिला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून औषध तयार केले. हे काम आदरास पात्र आहे, कारण त्या बाईंनी जुन्या वचनापुढे नुसते हात जोडले नाहीत, ते प्रयोगाला लावले. प्रयोगाचा न्याय मात्र पुढेही चालूच राहतो. अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे गुग्गुळाच्या अर्काची पोकळ गोळीशी तुलना करून चाचणी झाली आणि २००३ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. तेथे गुग्गुळ घेणाऱ्यांचे एल.डी.एल. उतरले नाही, उलट चार-पाच टक्क्यांनी चढले. एका चाचणीने सगळा निवाडा होत नाही, हे खरे. पण ज्याला झटका येऊन गेला आहे त्याने सिद्ध औषध टाकून असिद्ध औषधाच्या भरवशावर राहणे, याला स्वदेशाभिमान म्हणत नाहीत.

"रिपोर्ट चांगला आला, आता गोळी कशाला?" हा चौथा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित माणसेही विचारतात. बांध घातल्यामुळे शेतात पाणी शिरले नाही, तर बांध फोडून टाकावा काय? रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच. ती सोडली की थोड्याच आठवड्यांत यकृताचा कारखाना पूर्ववत सुरू होतो. आणि "जन्माची बेडी" म्हणाल, तर चष्मा हीसुद्धा जन्माची बेडीच आहे. तो कोणी चारचौघांच्या सांगण्यावरून विहिरीत फेकून देत नाही.

अशा बोलण्याची किंमत काय पडते, याचे दाखले पाश्चात्त्य देशांत मोजून ठेवलेले आहेत. २०१३ च्या ऑक्टोबरात एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात स्टॅटिनच्या अपायांचे फुगविलेले प्रमाण छापले गेले. पुढे २०१४ च्या मे महिन्यात ते विधान मागे घेण्यात आले. पण मधल्या काळात वर्तमानपत्रांनी रान उठविले होते. त्या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी गोळी सोडली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. डेन्मार्कमध्ये पावणेसात लाख लोकांची नोंद तपासली, तेव्हा गोळीविरुद्ध बातम्या आल्या की ती लवकर सोडणारे वाढतात असे दिसले. आणि लवकर सोडणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका २६ टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू १८ टक्क्यांनी अधिक आढळला. मागे घेतलेले विधान पुन्हा कागदात जाते. गेलेला मनुष्य परत येत नाही.

आणि आपले घर कोठे आहे? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसांना विचारले की, तुम्ही स्टॅटिन घेता काय? श्रीमंत देशांत शंभरांतले ६६ जण "होय" म्हणाले. ज्या गटात तेव्हा आपला देश होता त्या गरीब देशांत शंभरांतले जेमतेम तीन! त्यात आणखी दुर्दैव असे की, दक्षिण आशियातल्या माणसाला हा रोग लवकर गाठतो. पहिला झटका येणाऱ्यांत इतरत्र मधले वय ५९ च्या आसपास निघाले. आपल्या भागात ते ५३ निघाले. ५३ म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे आहे आणि घराचे हप्ते फिटायचे आहेत असे वय. त्या वयात गेलेल्या माणसाचे ओझे उचलायला ओसरीवरचा धन्वंतरी येत नाही. तो बाराव्याच्या जेवणाला येतो आणि तेथेही कोणाला तरी सल्ला देऊन जातो.

आता डॉक्टरांनाही सोडून चालणार नाही. ओसरीवर गर्दी होते, कारण दवाखान्यात बोलायला कोणी नसते. अर्ध्या मिनिटात चिठ्ठी खरडून "ही कायम घ्या" म्हणणारा डॉक्टर गोळी लिहून देतो. ती का घ्यायची हे सांगत नाही. ज्याला कारण कळले नाही तो पहिल्या अफवेला गोळी सोडणारच. रक्त तपासणाऱ्यांची दिवाळीची "पॅकेजे" हाही एक प्रकार आहे. पस्तिशीचा निरोगी, न ओढणारा, रक्तदाब नसलेला तरुण एका आकड्याखाली रेघ पाहून घाबरतो आणि दुकानातून स्वतःच गोळी आणतो. तोही तितकाच चुकतो. गोळीचा फायदा ज्याच्या त्याच्या धोक्याच्या प्रमाणात असतो. झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला, मधुमेही, घराण्यातून चढते कोलेस्टेरॉल घेऊन आलेला यांचा फायदा मोठा. ज्याचा धोकाच थोडा, त्याचा फायदाही थोडा. त्याने आधी तंबाखू सोडावी, चालावे, वनस्पती तुपाला रजा द्यावी आणि डॉक्टरशी बोलून ठरवावे. गर्भवती स्त्रीने ती सहसा घ्यायची नसते. यकृताचा विकार असेल तर तेही सांगावे. खरोखर स्नायू दुखले, लघवी काळपट झाली, तर लगेच डॉक्टरकडे जावे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, दुसऱ्या कुळातली औषधेही आहेत. आणि गोळी चालू आहे म्हणून चकल्यांचा डबा मोकळा सुटला असेही कोणी समजू नये.

एक गोष्ट खास गृहिणींसाठी. पुष्कळ घरांत यजमानांची गोळी संपायच्या आत आणली जाते, आणि घरच्या बाईची संपली तर "महिनाअखेर आहे, पुढच्या महिन्यात बघू" असे ती स्वतःच म्हणते. हृदयविकार हा पुरुषांचाच रोग, हा समज चुकीचा आहे. पाळी गेल्यानंतर बाईचे एल.डी.एल. चढू लागते, आणि तिच्या धमन्या काही वेगळ्या मातीच्या नसतात. तिची गोळी चुकणे हा काटकसरीचा भाग नव्हे.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. ही गोळी कोणी ओसरीवरच्या सल्ल्याने सुरू करू नये आणि ओसरीवरच्या सल्ल्याने सोडूही नये. ज्याने लिहून दिली त्याच्यासमोर बसून तीन प्रश्न विचारावेत : माझा धोका किती? गोळीने तो किती उतरेल? मला काही झाले तर काय करायचे? तो उत्तर देत नसेल तर डॉक्टर बदलावा. गोळी परस्पर बंद करू नये. यंदा भाऊबीजेला बहिणींनी ओवाळणी घेताना एक जास्तीची गोष्ट मागावी. झटका येऊन गेलेल्या भावाला सरळ विचारावे, "दादा, गोळी चालू आहे ना? का सोडलीस? कोणी सांगितले?" उत्तर आले की "त्या अमक्याने सांगितले", तर निरांजन खाली ठेवून दुसऱ्या दिवशीची डॉक्टरची वेळ त्याच पाटावर ठरवून घ्यावी. आणि तो अमका फराळाला आला, तर त्याला लाडू-चिवडा अवश्य द्यावा. फक्त त्याचा सल्ला घेऊ नये.